मधली चार घरं

“ते प्यादं फुकट कशाला देतोयस?”

मी पटावरून मान वर केली. माझ्याच वयाचा एक जण दारात उभा होता. केसांवर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवरसुद्धा कापसाची बारीक लव चिकटलेली. इचलकरंजीत असा माणूस दिसला की तो कुठून आला हे विचारावं लागत नाही. मागावरची पाळी संपवून, अंगही न झटकता तो थेट वाचनालयाची माडी चढून आला होता.

“फुकट नाही दिलेलं,” मी म्हणालो.

“दिलंयस की. काळ्यानं खाल्लं, आणि बदल्यात तू काय बी खाल्लं न्हाईस. मी मघापास्नं बघतोय.”

वाचनालयाच्या माडीवर आमचं बुद्धिबळ मंडळ होतं. मंडळ म्हणजे चार टेबलं, सहा पट आणि दातार मास्तर. मास्तर निवृत्त शिक्षक. कुलूप उघडून देत आणि कोपऱ्यात पेपर वाचत बसत. त्यांच्याकडचं एक जाड इंग्रजी पुस्तक घेऊन मी त्यातले डाव एकटाच लावत बसायचो. त्या दिवशी लावला होता तो क्वीन्स गँबिट. वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढं. समोरच्यानं तेच केलं की शेजारचं उंटाचं प्यादंही दोन घरं पुढं, सरळ त्याच्या तोंडाशी.

मी त्याला समजावून सांगितलं. “हे प्यादं खायला त्याचं मधलं प्यादं कडेला जातं. मधली जागा मोकळी होते. तिथं मी राजापुढचं प्यादं आणून ठेवतो. पटाच्या मध्यावरची ही चार घरं बघ. ज्याच्या ताब्यात ही चार, त्याचे घोडे-उंट सगळीकडं पोचतात. दुसऱ्याचे कोपऱ्यात गुदमरतात.”

तो टेबलावर वाकला. बराच वेळ बघत राहिला.

“आणि ते दिलेलं प्यादं?”

“परत घेता येतं. बहुतेक वेळा.”

“म्हंजे घास टाकून जागा धरायची.” तो हसला आणि समोरची खुर्ची ओढून बसला. “परत लाव की. पयल्यापास्नं.”

त्याचं नाव चनबस मगदूम. दहावीला चांगले मार्क पडले होते, पण त्याच उन्हाळ्यात वडील गेले आणि तो मागावर उभा राहिला. एका शेडमध्ये चार माग सांभाळायचा. घरी आई आणि दोन बहिणी. मी, सुकुमार उपाध्ये, बी. कॉम. होऊन घरी बसलो होतो. माझे वडील बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पूजा करत. सकाळी अर्ज टाकायचे, दुपारी मंडळात यायचं, असं माझं चाललं होतं. ही गोष्ट ब्याऐंशी सालची.

चनबसला इंग्रजी फारसं येत नसे. मी पुस्तकातल्या टिपा वाचून त्याला मराठीत सांगायचो आणि तो त्या एकदा ऐकून लक्षात ठेवायचा. वही कधी आणली नाही. “मागावर फिरताना लावतो डोक्यात,” म्हणायचा. “चार मागांवर चार डाव. तार तुटली की डाव थांबवायचा, तार जोडायची, परत चालू.”

त्याची एक सवय होती. मागांच्या खडखडाटात माणसं आवाज काढून बोलतच नाहीत. नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ओठांवरून समजून घेतो. चनबसला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की शेडच्या बाहेरही कधीकधी त्याचे ओठ हलायचे आणि आवाज यायचा नाही. मंडळातले चिडवायचे, “चनबस, माग बंद झालाय रे, बोल आता.” तो दचकायचा, घसा खाकरायचा आणि तेच वाक्य पुन्हा मोठ्यानं म्हणायचा. स्वतःही हसायचा.

पांढरे मोहरे आले की तो एकच सुरुवात करायचा. वजिरापुढचं प्यादं, मग उंटाचं. मी म्हणायचो, “दुसरंही काही शीक की.”

“ही पुरी कळू दे आधी,” तो म्हणायचा.

ती त्याला माझ्याआधी पुरी कळली. दीड वर्षात तो मला हरवायला लागला. आधी कधीतरी, मग बऱ्याचदा, मग जवळजवळ नेहमीच. हरवल्यावर तो पट आवरायचा नाही. “ह्या इथं तुझा घोडा चुकला बघ,” म्हणून डाव मागं नेऊन मला दाखवायचा. मी शिकवलेलंच मला समजावून सांगायचा, आणि त्याच्या बोलण्यात कुठंही चढेपणा नसायचा. तो चढेपणा असता तर मला बरं वाटलं असतं.

*

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात कोल्हापूरला जिल्हा निवड स्पर्धा झाली. राज्य स्पर्धेसाठी चार जणांचा संघ निवडायचा होता. त्या वर्षी एक मोठी बँक राज्य पातळीवर खेळलेल्या मुलांना नोकरीत घेणार होती, अशी बातमी दातार मास्तरांनी आणली. मी पदवीधर, म्हणून मला कारकुनाची जागा मिळू शकत होती. दहावीवाल्यालाही काही ना काही मिळणार होतं.

“शिपायाची मिळाली तरी चालंल मला,” चनबस म्हणाला. “मागाबाहेर पडायचं बस. आमच्या शेडमधले म्हातारे बघतोस न्हवं? हाक मारली तर वळत बी न्हाईत.”

मला वडिलांनी नोकरी शोधायला जूनपर्यंतची मुदत दिली होती. त्यानंतर ओळखीच्या एका कारखान्यात दिवाणजी म्हणून बसायचं, असं ठरलं होतं. शब्दही टाकून ठेवला होता त्यांनी.

स्पर्धा तीन दिवसांची. आम्ही रोज सकाळच्या एसटीनं जायचो आणि संध्याकाळी परत यायचो. चनबसनं त्यासाठी शेडमधून सुट्टी काढली होती. त्याच्या आईनं बांधून दिलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही दोघं मिळून खायचो. दुसऱ्या दिवसअखेर संघातले तिघे ठरल्यासारखे होते. चौथ्या जागेसाठी चनबस आणि मी सारख्या गुणांवर होतो. शेवटच्या फेरीच्या जोड्या लागल्या, तेव्हा आमची नावं एकमेकांसमोर होती. पांढरे त्याच्याकडे.

सकाळी एसटीत तो खिडकीशी बसला होता. मी विचारलं, “आज काय खेळणारेस?”

“तुझ्यासमोर दुसरं काय खेळू? तू शिकवलंयस तेच.”

थोड्या वेळानं तो म्हणाला, “सुकुमार, जो कोण हरंल, त्यानं रुसायचं न्हाई.”

“नाही रुसायचं,” मी म्हणालो.

एका शाळेच्या सभागृहात सामने होते. त्यानं वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं आणि माझ्याकडं बघून किंचित हसला. मी तसंच उत्तर दिलं. त्यानं उंटाचं प्यादं पुढं केलं. मी ते खाल्लं. त्यानं राजापुढचं प्यादं आणून मध्ये ठेवलं. मीच दोन वर्षांपूर्वी वाचनालयाच्या माडीवर सांगितलं होतं तसं सगळं होत गेलं. विसाव्या खेळीपर्यंत मधली चार घरं त्याची झाली होती आणि माझे मोहरे मागच्या दोन ओळींत दाटीवाटीनं उभे होते. दिलेलं प्यादं त्यानं केव्हाच परत घेतलं होतं. माझ्याकडं एकच जिवंत हत्ती होता, उघड्या पट्टीवर. पण त्याला आत घुसता येत नव्हतं, कारण चनबसचा वजीर मागची ओळ आणि मधलं प्यादं दोन्ही एकटा राखून उभा होता. तो जागेवर आहे तोवर मला काहीच करता येणार नव्हतं. आणखी दहाएक खेळ्यांत मी हरणार हे मला दिसत होतं. त्यालाही दिसत होतं.

आसपासचे बहुतेक डाव संपले होते. शेजारची दोन्ही टेबलं रिकामी. पंच होते दाभोळे सर. ते पार टोकाच्या टेबलाशी उभे होते. चनबस विचार करत होता. त्या सेटमधल्या मोहऱ्यांच्या बुडाची बनात, ते मऊ लोकरी कापड, झिजली होती, त्यामुळे ते घसरायचे. त्याचा वजीर घराच्या रेषेवर सरकला होता. त्यानं हात पुढं केला, दोन बोटांनी वजिराला धरलं आणि घराच्या मधोमध आणून सोडलं. मग हात मागं घेऊन पुन्हा विचार करू लागला.

मी घड्याळ थांबवलं आणि हात वर केला.

दाभोळे सर आले. “काय झालं?”

“यांनी वजिराला हात लावलाय,” मी म्हणालो. “वजीर हलवावा लागेल.” नियमच होता तसा: हात लावलेला मोहरा हलवायचाच; नुसता नीट करायचा असेल तर आधी मोठ्यानं तसं म्हणायचं.

चनबसनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मी कुठल्या भाषेत बोलतोय हे कळत नसल्यासारखं.

“अरे, मी नीट केला तो,” तो म्हणाला. “म्हणालो की मी, नीट करतो म्हणून. म्हणूनच हात लावला.”

सरांनी माझ्याकडं बघितलं. “ते म्हणाले होते का तसं?”

“मला काही ऐकू आलं नाही.”

“मी लांब होतो,” सर म्हणाले. “इथं दुसरं कोणी नाही. मगदूम, तुम्ही नक्की म्हणालात? आवाज काढून?”

चनबस उत्तर द्यायला लागला आणि थांबला. त्यानं एकदा पटाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

“सुकुमार, म्हणालो न्हवं मी?”

“नाही, चनबस. मला तरी नाही आलं ऐकू.”

त्याचा हात गळ्याशी गेला. मग तो सरांना म्हणाला, “मग म्हणालो नसंन, साहेब. मला सवय हाय तशी. मागावर आमी आवाज काढत न्हाई. नुसतं तोंड हाललं असंल.”

“म्हणजे तुम्ही मान्य करताय?”

“हा म्हणतोय म्हंजे तसंच असणार. हा कशाला खोटं बोलंल?”

दाभोळे सरांनी सांगितलं, वजीर हलवा. चनबसनं बराच वेळ घेतला. वजीर कुठंही नेला तरी एक बाजू उघडी पडत होती. शेवटी त्यानं तो मधल्या प्याद्यापाशी नेला. त्यानं जागा राखली आणि मागची ओळ सोडली. माझा हत्ती आत गेला. पुढच्या पाचव्या खेळीला त्यानं हार मान्य करून आपला राजा आडवा केला आणि माझा हात हातात घेतला.

“बरं झालं,” तो म्हणाला. “तुझं काम झालं.”

परतीच्या एसटीत आम्ही शेजारीच बसलो. हातकणंगले मागं पडलं. मग त्यानं विचारलं, “अजिबात न्हाई आलं ऐकू?”

“नाही.”

तो पुढच्या बाकाच्या दांड्याकडं बघत हळूच म्हणाला, “नीट करतो.” मग माझ्याकडं वळून, “आता आलं?”

“आता आलं.”

त्यानं आणखी हळू म्हटलं. “आता?”

“आलं.”

गळ्यावर हात ठेवून तो तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, कधी मोठ्यानं, कधी जेमतेम, आणि दर वेळी मला विचारत राहिला. कंडक्टर वळून बघायला लागला. मी म्हणालो, “चनबस, पुरे आता. लोक बघतायत.”

“व्हय,” तो म्हणाला, आणि गळ्यावरचा हात खाली घेतला.

*

मी राज्य स्पर्धेत खेळलो. आमचा संघ सोळापैकी अकरावा आला. ऑगस्टमध्ये बँकेचं पत्र आलं आणि मी लातूरला रुजू झालो. तिथून नांदेड, मग भंडारा, मग नाशिक. निघायच्या आधी मंडळात गेलो तेव्हा दातार मास्तर म्हणाले, चनबस महिनाभर फिरकलेला नाही. लातूरच्या पत्त्यावर त्याचं एक पोस्टकार्ड आलं होतं. ‘तू साहेब झालास, आनंद झाला. आईनं तुला आशीर्वाद सांगितले आहेत.’ मी उत्तर लिहिणार होतो. ते राहून गेलं, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो.

बँकेच्या संघातून मी तीन-चार वर्षं खेळलो आणि सोडून दिलं. लग्न झालं, मुलं झाली. वडील गेल्यावर गावाकडं जाणं कमी झालं. गेलो तरी वाचनालयाचा रस्ता टाळायचो.

निवृत्त झालो त्या वर्षी चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला इचलकरंजीला गेलो होतो. मांडवात एक ओळखीचा भेटला, मंडळातलाच. बोलता बोलता म्हणाला, “चनबसला भेटलास का? कान पार गेले त्याचे. इथंच राहतो, पाण्याच्या टाकीमागं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. छत्तीस वर्षं झाली होती.

दोन खोल्यांचं घर. दार एका पंचवीस-सव्वीस वर्षांच्या मुलीनं उघडलं. मी नाव सांगितलं. तिला ते ऐकून माहीत नव्हतं.

“अप्पांचे दोस्त? या की काका, या. मी नीला. धाकटी मुलगी.” ती शाळेत शिकवत होती आणि त्या दिवशी सुट्टी होती. “तुम्ही समोर बसा हं त्यांच्या. त्यांना ऐकू येत नाही, पण ओठांवरनं सगळं कळतं. तोंड त्यांच्याकडं ठेवून बोला, म्हणजे झालं.”

“कधीपासून?”

“मला कळायला लागल्यापासनं मी असंच बघतीया. आई सांगायची, चाळिशीतच कमी झालं. पुढं काहीच येईना, तेव्हा मागावरनं उतरवलं. मग कांड्यांवर सूत भरायचं काम करायचे. आता तेही नाही.”

चनबस आतल्या खोलीत खुर्चीवर बसला होता. केस पांढरे, अंगानं निम्मा झालेला. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि दोन क्षणांत ओळखलं.

“सुकुमार!”

एवढ्या मोठ्यानं म्हणाला की मी दचकलो. आपला आवाज केवढा येतोय हे त्याला कळत नव्हतं. त्यानं माझे दोन्ही हात धरले आणि समोर बसवलं. माझी विचारपूस केली. मुलं काय करतात, वडील कधी गेले, पेन्शन सुरू झाली का. मी बोलताना तो माझ्या तोंडाकडं इतकं रोखून बघत होता की मला मान वळवता येत नव्हती. नीला चहा घेऊन आली आणि दाराशी टेकून उभी राहिली.

“ह्याच्याकडनं शिकलो मी बुद्धिबळ,” त्यानं तिला सांगितलं.

“बुद्धिबळ?” ती माझ्याकडं बघून हसली. “अप्पा कधी बोलले नाहीत. तुम्ही खेळायचात, अप्पा?”

“खेळायचो की. लई खेळायचो.”

“मग का सोडलं?” तिनं विचारलं. मला विचारायचं धाडस झालं नसतं.

त्यानं बशी खाली ठेवली. मग मला म्हणाला, “तुला आठवतंय का, तो कोल्हापूरचा डाव? वजिराला हात लावला हुता मी.”

मी मान हलवली.

“त्यानंतर मला काय झालं म्हाईत हाय? मी बोलतोय का नुसतं तोंड हलवतोय, हेच कळंना. दुकानात गेलो तर दोन-दोनदा सांगायचो. आईला विचारायचो, आलं का ऐकू? ती म्हणायची, आलं रं बाबा, कितीदा सांगू. पर इस्वास बसंना. मला तर पक्कं वाटलं हुतं त्या दिवशी, मी बोललो म्हणून. माझ्याच कानांनी ऐकलं हुतं. तरी न्हवतो बोललो. मग म्हटलं, ज्याला आपलं बोललेलं कळत न्हाई त्यानं पटावर बसू नये. माणूस भांडणं लावंल नुसती.”

मी चहाचा कप खाली ठेवला.

“आणि एक राहून गेलं हुतं,” तो म्हणाला. “बरं झालं आलास. पंचांसमोर मी म्हणालो, मी बोललो हुतो म्हणून. म्हंजे तू खोटं बोलतोयस असंच झालं की ते. चारचौघांत. तू दोस्त माझा, हाताला धरून शिकवलेलंस. मला लई लागलं नंतर. पत्रात लिवणार हुतो, पर धीर झाला न्हाई. तेवढं माफ कर.”

त्यानं हात जोडले. खरोखर जोडले.

मी इथं येताना काय ठरवून आलो होतो, ते आज नीट सांगता येत नाही. कदाचित काहीच नाही. नुसतं भेटून, तब्येत विचारून, निघून जायचं असेल. पण ते जोडलेले हात माझ्याच्यानं बघवेनात. मी ते धरून खाली केले आणि त्याच्या तोंडाकडं बघून म्हणालो, “चनबस, तू बोलला होतास.”

त्याला ते कळलं नसावं. त्यानं नुसत्या भुवया वर केल्या.

“तू म्हणाला होतास, नीट करतो. मी ऐकलं होतं.”

“परत म्हण.”

“मी ऐकलं होतं. स्पष्ट. आवाज काढून म्हणाला होतास तू. मी खोटं बोललो.”

“परत.”

मी तिसऱ्यांदा म्हणालो. तेवढ्या वेळात त्याची नजर माझ्या ओठांवरून हलली नाही. मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याची मी तयारी ठेवली नव्हती. मला वाटलं होतं तो चिडेल, शिवी देईल, एखादा फटका मारेल. त्याला आनंद झाला. सगळा चेहरा उजळला त्याचा.

“नीला!” तो ओरडला. “आलं का ध्यानात? म्या बोललो हुतो! म्या म्हणालो हुतो, नीट करतो!”

“हो अप्पा,” ती म्हणाली. तिला काहीच कळत नव्हतं, पण त्याला बघून ती हसली.

“मला वाटतच हुतं,” तो मला म्हणाला. “मला म्हाईत हुतं. किती मोठ्यानं म्हणालो?”

“व्यवस्थित. कोणालाही ऐकू गेलं असतं.”

“व्हय न्हवं?” तो हसत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. “माझं काय बी बिघडलं न्हवतं तवा. सगळं ठीक हुतं.”

“हो. सगळं ठीक होतं.”

“कान बी ठीक हुते.”

“हो.”

ते म्हणून झाल्यावर तो थांबला. हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण त्यामागं तो काहीतरी जुळवत होता. पटासमोर बसलेला असताना तो असाच दिसायचा. एकेक खेळी मागं नेत, कुठं काय झालं असतं ते बघत. त्यानं आपल्या हातांकडं बघितलं. खोलीकडं बघितलं. दाराशी उभ्या असलेल्या मुलीकडं बघितलं, जिचा आवाज त्यानं तिच्या लहानपणानंतर ऐकला नव्हता. हसू हळूहळू गेलं.

“मग म्हंजे...” तो म्हणाला, आणि त्याचा हात कानाशी गेला.

मी बोलायला लागलो. जूनची मुदत सांगितली, वडिलांचं सांगितलं. मग ते सांगताना माझीच मला लाज वाटली आणि ते सोडून मी त्याची माफी मागायला लागलो. मला ते कधीतरी बोलायचंच होतं, रोज आठवण यायची, पोस्टकार्ड अजून जपून ठेवलंय, असं काय काय. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. अर्ध्यावर त्यानं खुर्चीच्या पाठीला डोकं टेकवलं आणि डोळे मिटून घेतले.

मी थांबलो नाही. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बोलत राहिलो. त्यानं गुडघा मागं घेतला नाही, की डोळेही उघडले नाहीत.

नीला पुढं आली. तिनं माझ्यासमोरचा कप उचलला.

“काका,” ती हळूच म्हणाली, “त्यांनी डोळे मिटलेत. आता तुम्ही काहीही बोललात तरी त्यांना कळणार नाही.”